नाझनीनचा सातत्यांक

जूनच्या दुसऱ्या सोमवारी संस्थेत प्रवेशाची बैठक बसायची आणि चाळीस मिनिटांत उठायची. पूर्वी हीच बैठक तीन-तीन दिवस चाले. भांडणं होत, दोन प्राध्यापक वर्षवर्षभर एकमेकांचं तोंड बघत नसत. आता भांडायला काही उरलंच नव्हतं. साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी या दोन विषयांच्या पीएच.डी.साठी मिरजेबाहेरच्या त्या संस्थेकडे दर वर्षी पाचशेच्या वर अर्ज यायचे. जागा बारा, आणि ते बारा कोण हे 'सातत्य' नावाचं यंत्र सांगायचं. प्राध्यापकांनी सह्या करायच्या, उपमा खायचा आणि आपापल्या खोलीत जायचं.

'सातत्य' हे डॉ. वैजयंता चौगुलेचं अपत्य. म्हणजे खरं अपत्य ऋजुता, ती याच संस्थेत तिसऱ्या वर्षाला शिकत होती. पण मॅडमनी दुसरं जास्त लाडानं वाढवलंय, असं लोक चेष्टेनं म्हणायचे. ऋजुताचा अर्ज आला त्या वर्षी वैजयंता बैठकीला गेलीच नव्हती. जायची गरजही नव्हती. पोरीचा सातत्यांक शहाण्णव होता, त्यावर कोण काय बोलणार?

यंत्र आणायचं कारण साधं होतं. जागा राज्य साथनियंत्रण मंडळ द्यायचं, आणि मंडळाचा नियम असा, की विद्यार्थी मध्येच सोडून गेला तर ती जागा कायमची गेली. त्यामुळे हुशार कोण यापेक्षा टिकणार कोण, हे कळणं महत्त्वाचं झालं. उमेदवाराचे गुण, नोकरीची नोंद, त्यानं लिहिलेला निबंध आणि त्याच्या फोननं जपलेला दोन वर्षांच्या फिरण्याचा हिशेब, एवढं सगळं 'सातत्य' वाचायचं आणि तो पाच वर्षं टिकण्याची शक्यता शंभरात किती, ते सांगायचं.

संस्थेत 'हट्ट' नावाचा एक प्रकार होता, तोही सांगायला हवा. यंत्र आलं तेव्हा जुन्या प्राध्यापकांनी फार आदळआपट केली. तेव्हा संचालक लाटकर सरांनी तोड काढली, की दर वर्षी प्रत्येकाला एक हट्ट करता येईल. यंत्रानं नाकारलेला एक उमेदवार मागायचा, बाकीच्यांनी कारण विचारायचं नाही. पहिली दोन वर्षं हट्ट झाले. मग हट्टानं आलेली मुलं खरंच अर्ध्यावर सोडून जाऊ लागली, यंत्राचंच खरं ठरलं, आणि मंडळी ओशाळून गप्प बसली. वैजयंतानं तर नऊ वर्षांत एकदाही हट्ट केला नव्हता. आपल्याच यंत्रावर आपणच अविश्वास कसा दाखवायचा?

"या वर्षी माझा हट्ट आहे," त्या सोमवारी ती म्हणाली.

उपम्यातले चमचे थांबले.

"नाझनीन मुजावर. सातत्यांक एकोणीस."

"एकोणीस?" लाटकर सर चष्मा काढत म्हणाले. "मॅडम, बरं आहे ना? एकोणीस म्हणजे ती पोरगी दिवाळीपर्यंतसुद्धा राहायची नाही."

"कारण विचारायचं नाही, हा तुमचाच नियम आहे सर."

सर हसले, सगळेच हसले, आणि नाव यादीच्या तळाशी लिहिलं गेलं. अंतिम यादी त्याच आठवड्यात शुक्रवारी लागायची होती.

नाझनीन सत्तावीस वर्षांची. तालुक्याच्या आरोग्य केंद्रात साथींच्या पाहणीचं काम करायची, घरोघर हिंडायची, आणि बाहेरून परीक्षा देऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. फेब्रुवारीत क्षेत्रावरच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन आठवड्यांचा वर्ग असतो, त्याला ती आली होती. पहिल्या दिवशी वैजयंतानं तीच गोष्ट शिकवली जी ती तीस वर्षं पहिल्या दिवशी शिकवत आली होती.

शंभर रुग्ण घ्या, ती म्हणाली. पाच वर्षं त्यांच्या मागे राहा. दर महिन्याला किती जिवंत आहेत, ते कागदावर मांडा. कोणी दगावला की रेषा एक पायरी खाली येते. आता एक रुग्ण दुसऱ्या वर्षी घर बंद करून मुलाकडे सुरतेला गेला. पुढं तो जगला की मेला, आपल्याला माहीत नाही. त्याला मेलेल्यांत धरायचं का? नाही. बरा झाला म्हणायचं का? तेही नाही. 'दोन वर्षांपर्यंत दिसला, पुढचं ठाऊक नाही,' एवढंच इमानानं लिहायचं. याला खंडित निरीक्षण म्हणतात. हे ज्याला जमलं नाही त्याची सगळी रेषा खोटी.

मागच्या बाकावरून नाझनीननं हात वर केला होता. "मॅडम, पण तो सुरतेला आजारामुळंच गेला असेल तर? म्हणजे जे जातात आणि जे राहतात, ती माणसंच वेगळी असतील तर?"

हा प्रश्न पीएच.डी.ची मुलं तिसऱ्या वर्षालासुद्धा विचारत नाहीत. वर्ग सुटल्यावर वैजयंतानं तिला थांबवलं आणि सांगितलं, की जूनमध्ये अर्ज कर. नाझनीन म्हणाली, "आब्बांना विचारते, पण करतेच."

आणि अशा पोरीला एकोणीस. हट्ट करून झाला तरी वैजयंताच्या मनातून ते जाईना. मंगळवारी सकाळी तिनं 'सातत्य'ला कारणं विचारली. यंत्रानं त्यातली मोठी मोठी मांडली: महिन्याचे सरासरी बावीस दिवस मुख्यालयाबाहेर, चोवीस अंक वजा. साथ चालू असताना एकही रजा नाही, एकोणीस वजा. स्वतःहून मागून घेतलेल्या दूरच्या नेमणुका, सोळा वजा. वैजयंतानं त्या ओळी पुन्हा वाचल्या. या तर कौतुकाच्या गोष्टी. या कोणाला खाली का ओढाव्यात?

यंत्र मनानं काही शिकत नाही, दाखवाल तेच शिकतं. म्हणून मग तिनं नऊ वर्षांपूर्वी आपणच यंत्राला दाखवलेला जुन्या विद्यार्थ्यांचा तक्ता उघडला. २०३१ सालच्या पानावर अकरा नावांपुढं एकच शब्द होता: अपूर्ण.

ती अकराही मुलं तिला तोंडपाठ होती. त्या वर्षी सह्याद्रीच्या पट्ट्यात गोचीडताप पेटला होता. गोचीड चावते, चौथ्या दिवशी नाकातून रक्त येतं, आठवड्यात माणूस संपतो. मंडळानं संस्थेकडं माणसं मागितली आणि ही अकरा जणं स्वतःहून उठून गेली. चार तिकडंच मेली. सात परत आली, पण त्यांची हजेरी भरली नव्हती, शिष्यवृत्ती बंद पडली होती, आणि कार्यालयानं नियमाप्रमाणे त्यांची नावं कमी केली. रजिस्टरात सगळ्या अकरांपुढं 'अपूर्ण' लागलं. पुढच्या वर्षी यंत्र बांधताना वैजयंतानं तिथं 'खंडित' लिहायला हवं होतं. इथपर्यंत दिसली, पुढं आम्हीच त्यांना दुसरीकडं पाठवलं. जी गोष्ट ती पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवायची, तीच तिनं केली नव्हती. तिनं रजिस्टरातला रकाना उचलून जसाच्या तसा यंत्राला दिला होता.

का? घाई होती, मंडळाचा तगादा होता, हे सगळं ती स्वतःला सांगू शकत होती. खरं कारण वेगळं होतं. 'खंडित' लिहायचं तर प्रत्येकाची फाइल उघडून तारीख काढावी लागली असती, आणि त्या अकरांत नामदेव खरमाटे होता. तिचा लाडका विद्यार्थी. त्याच्या जाण्याच्या पत्रावर तिचीच सही होती. तिला ती फाइल उघडवली नाही, एवढंच. त्या एका न उघडलेल्या फाइलीपायी यंत्र शिकलं, की जो साथीत धावून जातो तो सोडून जातो, त्याला घेऊ नये.

ती तशीच लाटकर सरांच्या खोलीत गेली.

"सर, नऊ वर्षं आपण साथीत जाणारी माणसं वेचून वेचून बाहेर ठेवलीत. साडेचार हजार नाकारली, त्यातली बरीचशी तीच."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग खिडकी लावली. "मॅडम, तुमची मुलगी आली ना आत? म्हणजे ती मुजावर. मग झालं. पुढच्या वर्षी यंत्र गुपचूप नीट करा. आता बोंबाबोंब केली तर साडेचार हजार जण कोर्टात उभे राहतील, आणि मंडळ आपल्याला कुलूप लावेल."

"मला लिहावं लागेल सर."

"तुम्ही लिहिणारच," सर थकून म्हणाले. "मी अडवत नाही."

तिनं त्याच दुपारी मंडळाला पत्र लिहिलं, चार पानी, आपली चूक आपल्या नावानं कबूल करून. पाठवल्यावर तिला फार हलकं वाटलं. घरी जाऊन तिनं ऋजुतासाठी थालीपीठं लावली. आपण एक चांगली गोष्ट केली असं तिला त्या संध्याकाळी अगदी मनापासून वाटत होतं.

गुरुवारी उत्तर आलं. पडद्यावर मंडळाचे उपसचिव बोकील होते, शेजारी खुर्चीत लाटकर सर बसले होते. वैजयंता बोलणी खायच्या तयारीनं आली होती.

"मॅडम, अभिनंदन," बोकील म्हणाले.

तिला वाटलं, हा माणूस टोमणा मारतोय. पण बोकील टोमणे मारणाऱ्यांतले नव्हते.

"गोचीडताप परत आलाय, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मे महिन्यापासून डोंगरातल्या गावांत त्रेसष्ट मृत्यू. साथीच्या कायद्यानं आम्हाला कोणालाही नेमता येतं, पण नेमणुकीचे आदेश काढले की निम्मे लोक वैद्यकीय दाखला आणून देतात. आमची अडचण कायम हीच, की कोण खरंच जाईल हे आधी कळत नाही. आणि तुम्ही तर लिहिलंय, की तुमच्याकडं नऊ वर्षांची यादी तयार आहे."

"ती नाकारलेल्यांची यादी आहे साहेब."

"मीही तेच म्हणतोय. सर्वांत कमी अंकांची तीनशे नावं द्या. अर्जाखाली त्यांनी सार्वजनिक हितासाठी माहिती वापरायला संमती दिलेली आहे."

"त्यांना आम्ही शिक्षण नाकारलं, आणि आता त्यांनाच..."

"परत आले की प्रवेश देऊ. लेखी देतो. मॅडम, तिथं माणसं मरतायत, कोणीतरी जायला हवंय. पुढच्या गुरुवारी दुपारपर्यंत यादी मिळाली नाही, किंवा कमी पडली, तर मला तुमच्या पटावरच्या विद्यार्थ्यांना या नेमणुकांतून असलेली सवलत काढावी लागेल. एक्केचाळीस आहेत ना? त्यांनाच पाठवू."

यादीचं कुलूप फक्त वैजयंताच्या सहीनं उघडायचं. हे मिटेपर्यंत म्हणून लाटकर सरांनी तिला विचारून अंतिम प्रवेशयादी आठवडाभर पुढं ढकलली.

बुधवारी तिनं एक्केचाळीस विद्यार्थी मोठ्या वर्गात बोलावले. साथीची गावं नकाशावर दाखवली, आकडे सांगितले, काय काळजी घ्यायची, धोका किती, तेही लपवलं नाही. सक्तीबिक्तीचं काही बोलली नाही. शेवटी साधं विचारलं, "स्वतःहून कोण जाईल?"

कोणी हललं नाही. वाईट मुलं नव्हती ती. चांगली, अभ्यासू, वेळेवर येणारी, रात्रंदिवस आकड्यांत बुडालेली मुलं. तिनंच निवडलेली. तिसऱ्या ओळीत ऋजुता बसली होती. तिचा उजवा हात बाकावरून उचलला गेला. ऋजुतानं कपाळावरची बट कानामागं सारली आणि हात खाली घेतला. वैजयंताला हायसं वाटलं. लाज वाटली ती नंतर.

वर्ग सुटल्यावर ऋजुता तिला व्हरांड्यात गाठायला आली.

"आई, मी हात वर करावा असं वाटत होतं तुला?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही म्हटलं ना."

"मग विचारलंस कशाला सगळ्यांना?" ऋजुता थांबली. "तुला माहीत होतं, मी नाही करणार. शहाण्णव म्हणजे तेच ना? मी कुठं जात नाही, म्हणून घेतलं मला. मला वाटायचं, मी हुशार आहे."

"हुशार तर तू आहेसच."

"ते यंत्रानं बघितलंच नाही, आई." आणि ती जेवायला न थांबता वाचनालयात निघून गेली.

गुरुवारी साडेअकराला वैजयंतानं सही केली. तीनशे नावं कमी अंकांपासून वर लावलेली होती. एकोणीस अंकांपाशी नाझनीन होती.

तिला वाचवायची वाट होती, आणि वैजयंतानं ती शोधलीही. प्रवेश घेतलेल्याला यादीतून वगळत. हट्टाची जागा नाझनीनचीच होती, शुक्रवारी सकाळी एक सही झाली की आदेश आपोआप रद्द. तिनं नाझनीनला फोन करून बोलावलं. पोरगी सकाळच्या एस.टी.नं आली, पाठीवर भली मोठी सॅक. आदेश तिला आदल्या संध्याकाळीच मिळाला होता.

"आधी चहा घे," वैजयंता म्हणाली. कँटीनमध्ये दोघी समोरासमोर बसल्या. वैजयंतानं तिला सगळं सांगितलं: चूक, पत्र, यादी, एकोणीस कशामुळं ते.

नाझनीन हसली. "म्हणजे मी नापास नव्हते होय. मला वाटलं, निबंध बिघडला."

"इथं सही कर. पाच वर्षं इथंच राहा, शीक. तुला जायला लागणार नाही."

नाझनीननं कागद वाचला. "मग माझ्या जागी कोण जाणार?"

"तीनशेएकावं नाव."

"ते कोण?"

वैजयंतानं फोनवर पाहिलं. "परभणीचा एक मुलगा आहे. प्रयोगशाळेत नोकरीला."

"त्यानं गोचीड बघितलीय का कधी? कपडे कसे झटकायचे, गुरांच्या गोठ्यात कसं शिरायचं, लोकांना काय सांगायचं, माहीत आहे त्याला?"

"ते यादीत नसतं."

"मला माहीत आहे," नाझनीन म्हणाली. तिनं चहा संपवला, कागदाची नीट घडी केली आणि तो परत दिला. "दोन महिन्यांत येते मॅडम. जागा ठेवा माझी."

मागच्या अकरांतली चार परत आली नव्हती, हे वैजयंतानं तिला सांगितलं नाही. 'सही कर' असं ती एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, पोरीचा हात धरून तिला खुर्चीत बसवून ठेवायला हवं होतं. पण यादीतलं एकेक नाव गळू लागलं, तर मंडळ कोणाच्या दारात येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती कँटीनच्या दारात उभी राहून नाझनीनची सॅक दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली, आणि मग तासाला गेली.

यंत्र चुकलं नाही. तीनशेंपैकी दोनशे त्र्याण्णव जण हजर झाले, असा प्रतिसाद मंडळाला आजवर कधीच मिळाला नव्हता. ऑगस्टच्या अखेरीस गोचीडताप आटोक्यात आला. बोकीलांनी पत्रकार परिषद घेतली, 'सातत्य'चं नाव घेतलं, संस्थेला वीस जागा वाढवून दिल्या. ही माणसं गेली नसती तर अजून किती दगावले असते, याचा अंदाज बांधायचं काम वैजयंताकडंच आलं. तिनं तीनतीनदा तपासून आकडा दिला: आठशे दहा. तो आकडा बरोबर होता.

गेलेल्यांपैकी सव्वीस परत आले नाहीत. नाझनीन सहाव्या आठवड्यात दगावली. भांडारवाडी नावाच्या वीस उंबऱ्यांच्या वस्तीत ती एका म्हातारीच्या गोठ्यात औषध मारत होती, तिथंच तिला गोचीड चावली.

सप्टेंबरात वैजयंता तिच्या गावी गेली. ऋजुता म्हणाली होती, मी येऊ का, तर वैजयंतानं नको म्हटलं. त्या जूनपासून दोघींचं बोलणं जेवणाखाण्यापुरतंच उरलं होतं. नाझनीनचे वडील, दस्तगीर मुजावर, गावाबाहेरच्या दर्ग्याची देखभाल करायचे. वाकलेला, शांत माणूस. त्यांनी तिला ओट्यावर सतरंजी घातली, आतून चहा मागवला आणि समोर बसले. थोडा वेळ पाऊसपाण्याचं बोलणं झालं.

"मॅडम, एक विचारू?" ते म्हणाले. "पेपरात आलं होतं. कोण जाणार ते यंत्राला आधीच कळतं म्हणून. ते खरं का?"

"खरं आहे."

"म्हणजे तुम्हाला पण ठाऊक होतं. आमची जाणार ते."

"हो."

"मला म्हणाली, मॅडमनी बोलावलंय, प्रवेशाचं काम आहे. मी म्हटलं, जा. तिकडनंच परस्पर गेली." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही मला एक फोन केला असता, तर मी तिला घरात कोंडून ठेवली असती बघा. चार महिने बोलली नसती माझ्याशी. रुसली असती. पण असली असती."

वैजयंतानं येताना गाडीत उत्तरं जुळवून आणली होती. आठशे दहाचा आकडा, नाझनीन कशी स्वतःच्या इच्छेनं गेली ते, तिनं कागद कसा परत दिला ते. सगळं खरं होतं. तिनं ते सगळं बाजूला ठेवलं.

"यादी कमी पडली असती, तर आमच्या विद्यार्थ्यांना पाठवणार होते," ती म्हणाली. "माझी मुलगी आहे त्यांच्यात. मला माझी मुलगी पाठवायची नव्हती."

दस्तगीर मुजावरांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी चहाचा कप तिच्यापुढं सरकवला.

"मला तरी कुठं पाठवायची होती, मॅडम," ते म्हणाले.